मान लांब कशी होते?

बॅलेचा एखादा तुकडा मोबाइलवर बघताना घरातलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: "या मुलींच्या माना एवढ्या लांब कशा?" मग उत्तरंही घरातच तयार होतात. कुणी म्हणतं, तशाच मुली निवडून घेतात. कुणी म्हणतं, लहानपणापासून ताणून ताणून वाढवतात. पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे. मोठ्या बॅले शाळा प्रवेश देताना मुलांच्या शरीराची ठेवण बघतातच. दुसऱ्यात काही नाही. मानेत मणके सात. तुमच्या, त्यांच्या आणि जिराफाच्याही. कितीही ताणलं तरी सातवर आठवा येत नाही.

मग लांबी येते कुठून? आरशासमोर उभे राहा. दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, 'मला काय ठाऊक' म्हणताना उचलतो तसे. आता ते हळूहळू सोडा. सोडून झाले असं वाटलं की आणखी बोटभर खाली जाऊ द्या, आणि शेंडीच्या जागेला दोरी बांधून कुणीतरी ती वर ओढतंय असं समजा. हनुवटी आपोआप किंचित आत येईल. आरशात बघा. मान दोन बोटं लांब झाली. वाढलं काहीच नाही. खांद्यांनी झाकलेली मान उघडी पडली, इतकंच.

याला अर्धं मिनिट लागलं. आता स्वयंपाकघरात जा, भाजी चिरायला घ्या आणि पाच मिनिटांनी खांदे कुठे आहेत ते तपासा. बहुधा पुन्हा कानांच्या दिशेने निघालेले असतील. बॅलेवाल्यांचे खाली राहतात, आपले राहत नाहीत. हा फरक कशामुळे पडतो, आणि नाचाचा एकही तास न घेता आपल्याला तो कितपत भरून काढता येतो, एवढाच या प्रकरणाचा विषय.

१. राजवाड्यातून तळघरात

बॅले जन्मला इटलीच्या दरबारांत आणि वाढला फ्रान्समध्ये. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ साली, चौदा वर्षांचा असताना, त्याने एका बॅलेत सूर्याची भूमिका केली. 'सूर्यराजा' हे बिरुद त्याला कायमचं चिकटलं. १६६१ साली त्याने नृत्याची राजमान्य अकादमी काढली. पावलांच्या पाच मूळ स्थिती बसवण्याचं श्रेय त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां याला देतात. म्हणून बॅले मॉस्कोत शिका, न्यूयॉर्कला शिका की मुंबईत, शब्द फ्रेंचच राहतात.

त्या काळी नृत्यगुरूचं काम नाचापुरतं नव्हतं. दरबारात उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, टोपी कशी उतरवायची, हेही तोच शिकवी. म्हणजे आपण ज्याला शरीराची ठेवण म्हणतो ती बॅलेत नंतर येऊन बसलेली नाही. आधी उभं राहणं आलं, उड्या आणि गिरक्या मागाहून.

आजही बॅलेचा तास एका आडव्या दांड्यापाशी सुरू होतो. या दांड्याला फ्रेंचमध्ये 'बार' म्हणतात. ("मी रोज सकाळी बारवर अर्धा तास असते," असं सांगून एका वाचक बाईंनी सासरी बरीच खळबळ उडवून दिली होती.) वीस वर्षं रंगमंच गाजवलेली नर्तकीसुद्धा सकाळी त्या दांड्याला हात टेकते आणि पहिल्या दिवशी शिकवलेला गुडघे वाकवण्याचा प्रकार करते. गवई रोज खर्ज लावतो, त्यातलाच हा मामला.

हा दांडा नाच न येणाऱ्यांच्या हाती दिला तो लोटे बर्कने. तिचा जन्म १९१३चा, जर्मनीतल्या कोलोन शहरातला, घर ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर ती नर्तक नवऱ्यासह लंडनला आली. पुढे पाठीला दुखापत झाली. बारवरचे व्यायाम आणि दुखापतीनंतर करून घेतात ते व्यायाम तिने एकात एक मिसळले आणि १९५९ साली लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवर एका तळघरात वर्ग उघडला. तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. वर्गाला येणाऱ्या बहुतेक बायकांचा नाचाशी संबंध नव्हता. जोन कॉलिन्ससारख्या नट्याही यायच्या. बाई कडक आणि जिभेने तिखट. काही व्यायामांना तिने ठेवलेली नावं इतकी चावट होती की या पुस्तकात ती देता येत नाहीत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिडिया बाख या तिच्या शिष्येने ही पद्धत न्यूयॉर्कला नेली, आणि तिथून तिला फाटे फुटत गेले. आज मुंबईत 'बार क्लास' अशी पाटी दिसते ती याच घराण्याची. लोटे बर्क २००३ साली वारली, नव्वदाव्या वर्षी.

मुंबईला मूळ बॅलेही आता परका राहिलेला नाही. सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०) हा चित्रपट तिथल्या साध्या घरांतल्या दोन मुलांच्या खऱ्या कहाणीवर बेतलेला आहे, आणि मनीष चौहान या नर्तकाने त्यात स्वतःवरूनच लिहिलेली भूमिका केली आहे. पण ती वाट वेगळी. त्या मुलांना रंगमंचावर उभं राहायचं होतं. आपल्याला बँकेच्या रांगेत नीट उभं राहायचं आहे.

२. उतरंड

"पोक काढू नकोस, ताठ बस!" हे ऐकलं नाही असं मराठी बालपण विरळाच. ऐकल्यावर आपण काय करायचो? छाती पुढे, पोट आत, कमरेत बाक, श्वास कोंडलेला. कवायतीतलं 'सावधान'. ते दीड मिनिट टिकायचं आणि मग आधीपेक्षा मोठं पोक यायचं.

चूक 'ताठ' या शब्दात आहे. पाठीचा कणा मुळात काठीसारखा सरळ नसतो. मानेत तो पुढे झुकतो, पाठीत मागे, कमरेत पुन्हा पुढे. या वळणांमुळेच चालताना, उड्या मारताना बसणारे हादरे तो पचवतो. काठीसारखा सरळ असता तर जिन्याची प्रत्येक पायरी थेट कवटीत वाजली असती.

काठीऐवजी जुन्या घरातली उतरंड डोळ्यांसमोर आणा. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. प्रत्येक मडक्याचा भार खालच्याच्या काठावर सगळीकडून सारखा पडतो, म्हणून उतरंडीला कुणी धरून ठेवावं लागत नाही. आपल्या उतरंडीत तळाशी पावलं, मग ओटीपोटाभोवतीचा हाडांचा कटोरा, त्यावर फासळ्यांचा पिंजरा, सगळ्यात वर डोकं. बॅलेचा शिक्षक पहिले कित्येक दिवस या चार गोष्टी एकावर एक ठेवायलाच शिकवत असतो.

डोक्याचं मडकं पुढे सरकलं तर काय होतं, याचा एक छोटा हिशेब करू. डोक्याचं वजन साधारण पाच किलो, म्हणजे गव्हाच्या पिठाची एक पिशवी. मान म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. एका बाजूला डोक्याचा भार, दुसऱ्या बाजूला तो तोलून धरणारे मानेमागचे स्नायू. समजा भार टेकूपासून २ सेंटिमीटर पुढे आहे आणि स्नायू ५ सेंटिमीटर मागे. पाच गुणिले दोन म्हणजे दहा. त्याला पाचाने भागलं की दोन. स्नायूंना दोन किलोचा जोर लावावा लागतो. आता मोबाइलमध्ये डोकं खुपसल्यामुळे भार ६ सेंटिमीटरवर गेला. पाच सक तीस, भागिले पाच, सहा किलो. डोकं तेवढंच, काम तिप्पट. (आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत; प्रत्येकाची मान वेगळी.)

असले हिशेब दाखवून भीती घालण्याचा धंदाही जोरात आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. पोक असलेल्या माणसाची पाठ दुखतेच असं नाही, आणि ताठ माणसाची दुखत नाही असंही नाही. ठेवण आणि दुखणं यांचं नातं आपण समजतो तितकं पक्कं नाही. त्रास होतो तो बहुतेकदा एकाच ठेवणीत तासन् तास थिजून राहिल्याने, मग ती ठेवण पुस्तकात छापण्याजोगी का असेना. बॅलेकडून शिकण्यासारखं आहे ते हे की नर्तकी कुठल्याच ठेवणीत थिजत नाही. ती उतरंड मोडते, पुन्हा रचते, पुन्हा मोडते. तिला परतीची वाट पाठ असते.

३. एका बोटाचा आधार

मग दांडा कशासाठी? पडू नये म्हणून, हे उघड उत्तर. पण नव्याने आलेला माणूस दांडा जसा धरतो, लोकलमध्ये डाउन फास्टला लटकल्यासारखा, तो बघून शिक्षक आधी त्याची बोटं सोडवतो. हात दांड्यावर नुसता ठेवायचा. पियानोवर ठेवावा तसा.

याचं कारण समजायला तोल कसा सांभाळला जातो ते पाहू. मेंदूकडे तीन ठिकाणांहून खबर येत असते. डोळे सांगतात क्षितिज कुठे आहे. कानाच्या आतल्या भागातलं पाणी सांगतं डोकं कुठे कललं. तळपाय, घोटे, सांधे सांगतात वजन कुठल्या बाजूला चाललंय. तिन्ही खबरा जुळल्या की आपण स्थिर. एक बंद पडली की बाकीच्या दोघींवर ताण येतो.

भिंतीपासून हातभर अंतरावर एका पायावर उभे राहा. (शेजारी कुणाला तरी उभं करा, विशेषतः साठीपुढे असाल तर.) आता डोळे मिटा. शरीर डोलायला लागेल. मग एकच बोट भिंतीला टेकवा, भार न देता. डोलणं चटकन कमी होतं. प्रयोगांत दिसलंय की बोटाचा दाब शंभर ग्रॅमहून कमी असला तरी हा परिणाम होतो. शंभर ग्रॅम कुणालाही पडण्यापासून वाचवू शकत नाहीत. बोटाने आधार दिलेलाच नसतो. त्याने दिली ती चौथी खबर.

घट्ट धरलेला दांडा मात्र भारच उचलतो. घोटा सुस्तावतो, खबर पाठवणंच बंद करतो. म्हणून बारवर प्रगती मोजायची ती पाय किती उंच गेला यावर नाही. आधी चार बोटं, मग दोन, मग एक, मग हात दांड्याच्या वर इंचभर तरंगता, अशी.

४. पावलं किती उघडायची?

बॅलेची पहिली स्थिती म्हणजे टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर वळलेले. छायाचित्रांत दोन्ही पावलं एका रेषेत, पूर्ण १८० अंशांत दिसतात. घरी करून बघणारा माणूस तेच करायला जातो आणि आठवड्याने गुडघा धरून बसतो.

पाऊल बाहेर वळायला हवं ते खुब्यातून. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. तो सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, पुढे-मागे. वाटी किती खोल आहे आणि तिचं तोंड कुठे आहे, मांडीच्या हाडाची मान कुठल्या कोनात आहे, हे ज्याच्या त्याच्या हाडांवर ठरतं, आणि मोठेपणी ते बदलत नाही. खुबा थांबला तरी पाऊल आणखी रेटलं, की उरलेला पीळ बिजागरीत जातो. बिजागरी पिळली की दाराचं काय होतं ते पावसाळ्यात आपण बघतोच.

तुमचा खुबा किती वळतो ते असं पाहा. खुर्चीवर टेकून बसा, गुडघे काटकोनात. उजवी मांडी न उचलता उजवं पाऊल डावीकडे, आतल्या बाजूला न्या. मांडी आपल्या जागी गोल फिरते. नडगी उभ्या रेषेपासून जितकी कलली, तितकी तुमच्या खुब्याची बाहेर वळण्याची ताकद. समजा ती ४० अंश भरली आणि डावीचीही ४०. तर उभं राहून तुमच्या दोन्ही पावलांमधला कोन ८०पर्यंत गेला तर पुष्कळ झाला. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर अकरा वाजून पाच मिनिटं ते दहा वाजून दहा मिनिटं यांच्या मधला. एवढ्यावर सगळा व्यायाम नीट होतो. भरतनाट्यम शिकलेल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. अरमंडीत बसतानाही मांडी खुब्यातूनच उघडावी लागते आणि तिथेही घाई केली की गुडघेच तक्रार करतात.

५. पाटा आणि वरवंटा

आता मूळ हालचाली. बॅलेत त्या शेकडो आहेत, आपल्याला चार पुरेत.

'प्लिए' म्हणजे घडी घालणं. टाचा जमिनीवर ठेवून गुडघे वाकवायचे. पाठ भिंतीला लावून सरळ खाली घसरतोय अशी कल्पना करा. बूड मागे जात नाही, छाती पुढे पडत नाही. गुडघे पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने उघडतात. आपल्याकडच्या बैठकांशी याचं नातं आहे, पण बैठकेत माणूस खाली जायला बघतो आणि इथे खाली जाताना वर वाढायला बघतो. चार मात्रांत खाली, चार मात्रांत वर. अर्धाच. पूर्ण खाली बसणं आपल्या कामाचं नाही.

'तांद्यू' म्हणजे ताणलेलं. एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल जमिनीवरून घासत पुढे न्यायचं: आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. त्याच वाटेने परत. मग बाजूला, मग मागे. बघणाऱ्याला वाटतं व्यायाम हलणाऱ्या पायाचा चाललाय. थोडा त्याचाही होतो. पण वरवंटा फिरतो तेव्हा पाटा सरकून चालत नाही, नाहीतर चटणी वाटलीच जात नाही. उभा पाय हा पाटा. एक पाय उचलला की त्या बाजूचा कमरेचा भाग खाली कलायला बघतो, आणि उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू त्याला समपातळीत धरून ठेवतो. चालताना प्रत्येक पावलाला हेच घडतं. हा स्नायू कमजोर झाला की चाल डुलत होते. जिना चढताना ती जास्त जाणवते. दहा तांद्यू नीट केले की दुसऱ्या दिवशी न हललेल्या पायाचं बूड दुखतं, आणि लोकांना मोठं आश्चर्य वाटतं.

'रलव्हे' म्हणजे उचललेलं. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, बस. पण यात एक खाच आहे. वर जाताना घोटे बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे लवंडतात. घोटा मुरगळतो तोही बहुतेकदा याच बाजूला. वजन अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी ठेवायचं. दोन घोट्यांच्या मध्ये लहान मुलांचा मऊ चेंडू धरून बघा, पडला की समजायचं लवंडलात. वर दोन मात्रा, खाली चार, कारण ताकद उतरतानाच जास्त कमावली जाते आणि आपण नेमकं तिथेच धपकन सोडून देतो. पोटरी आवळते-सुटते तेव्हा पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. दिवसभर काउंटरमागे किंवा फळ्यापुढे उभं राहणाऱ्यांना म्हणूनच या एका हालचालीने संध्याकाळी पाय हलके वाटतात.

'पोर द ब्रा' या नावाला कृपया हसू नका. फ्रेंचमध्ये 'ब्रा' म्हणजे हात. आपल्याला माहीत असलेला शब्दही तिथूनच फिरत फिरत आला. हात कसे न्यायचे, त्याची ही रीत. भरलेली घागर कवेत घेतल्यासारखे हात पोटासमोर गोल, तसेच गोल राहून डोक्यासमोर, मग दोन्ही बाजूंना उघडत खाली. अट एकच: हात वर गेले तरी खांद्यांची पाती पाठीवरून खाली सरकलेली राहायला हवीत. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लांब मान हा या हालचालीच्या हजारो आवर्तनांचा परिणाम. हात हलवायचे ते पाठीतून, खांदे कानांपाशी न नेता, याची इतकी सवय होते की भाजी चिरतानाही ती सुटत नाही.

६. उधारीची लवचिकता

"माझं अंग फार कडक आहे, मला हे जमणार नाही." असं म्हणणाऱ्यांनी हा भाग आधी वाचावा.

जमिनीवर उताणे झोपा. एका पावलाला टॉवेल अडकवा आणि पाय सरळ ठेवून टॉवेलने वर ओढा. समजा ७० अंशांपर्यंत आला. आता टॉवेल काढा आणि पाय आपल्याच ताकदीने उचला. समजा ५० अंश. मधले २० अंश आहेत ते उधारीचे. टॉवेल असेपर्यंतच. रोजच्या जगण्यात, बसमध्ये चढताना, पाय घसरल्यावर सावरताना, कामाला येतात ते फक्त स्वतःचे ५०. नुसतं ताणत राहिलात तर ७०चे ८० होतील, पण पन्नासावर फारसा फरक पडेलच असं नाही. बारवर पाय हळू उचलतात आणि वर थोडा वेळ धरून ठेवतात, ते ही उधारी फेडण्यासाठी. तेव्हा मांडी थरथरते. त्याने घाबरू नये. थकलेले स्नायू आळीपाळीने काम वाटून घेताना अशी थरथर होते. टोचणारी किंवा सांध्यात होणारी वेदना वेगळी, तिला थांबायचं.

आणि ताणल्यावर स्नायू लांब होतात का? स्नायूची दोन्ही टोकं हाडांना बांधलेली आहेत. हाड तेवढंच, तर तोही साधारण तेवढाच. 'लांब, सडपातळ स्नायू' देऊ करणाऱ्या जाहिराती म्हणूनच सोडून द्याव्यात. काही आठवडे ताणण्याचा सराव केल्यावर जे बदलतं ते बरंचसं मज्जासंस्थेत. गल्लीत नवीन माणूस आला की कुत्रा भुंकतो. तोच माणूस रोज, शांतपणे, त्याच वेळी यायला लागला की भुंकणं कमी होतं, आणि एक दिवस कुत्रा मान वर करूनही बघत नाही. तुमच्या मांडीमागचा स्नायू साठाव्या अंशावर 'बस!' म्हणून ओरडतो, तो हा कुत्रा. धावत गेलात तर चावेल. म्हणून झटके देऊन ताणायचं नाही, अंग गरम झाल्यावरच ताणायचं, एका ताणात तीस सेकंद राहायचं, आणि हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी. रविवारी एकदम तासभर केलं तर कुत्र्याची ओळख होत नाही.

इथे हमखास विचारतात: आपल्याकडे योगासनं असताना हे कशाला? योगासनं रोज आणि नीट करत असाल तर खरंच गरज नाही. वृक्षासनात तोल आहे, ताडासनात टाचा उचलणं आहे. बारकडे दोन गोष्टी जास्तीच्या: एक, हालचाल मात्रांवर, संगीतावर चालते, आसनात स्थिर राहायला कंटाळणाऱ्यांना ती सोयीची पडते. दोन, जमिनीवर बसावं-उठावं लागत नाही. गुडघ्यांनी मांडी घालणं नाकारलेल्यांना हा लहान फायदा नव्हे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने पंचावन्नच्या पुढच्यांसाठी 'सिल्व्हर स्वान्स' नावाचे बॅले वर्ग चालवले आहेत, आणि तिथे येणारे पुष्कळ जण आयुष्यात कधी नाचलेले नसतात.

७. ओट्यापाशी

बॅलेच्या शाळेतला दांडा साधारण कमरेच्या थोडा वर असतो. घरात त्याला सगळ्यात जवळचा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. थोडा बुटका, पण हलत नाही. खुर्चीची पाठ धरू नका, ती कलंडते. प्लास्टिकची तर मुळीच नाही. पाय अनवाणी. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तांद्यू करणं म्हणजे हाड मोडून घेण्याचं आमंत्रण. आणि गॅसवर काही चढवलेलं नसावं. हा नियम मी दूध उतू घालवून शिकलो.

हाडं ठिसूळ झाली असल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून खोल वाकणं टाळायचं. चक्कर येत असेल, खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारायचं. ज्यांचे सांधे जन्मतःच जास्त वळतात, ज्यांची कोपरं उलटी जातात, त्यांनी ताणण्यापेक्षा धरून ठेवण्यावर भर द्यावा. त्यांच्याकडे उधारी आधीच फार आहे.

याने चालण्याची भरपाई होत नाही, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आहे. ओट्यापाशी एवढा दम लागत नाही. त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आहे, आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी तीन दिवस तोल आणि ताकद यांचा. या दुसऱ्या खात्यात हे धरावं.

तर, डावा हात ओट्यावर, नुसता ठेवलेला. टाचा जवळ, पावलं तुमच्या खुब्याला झेपतील तेवढी उघडी. उतरंड रचा. श्वास सोडा, खांदे बोटभर खाली. आठ प्लिए, चार मात्रांत खाली, चारात वर. संथ लयीचं कुठलंही भावगीत चालेल. उजव्या पायाने चार तांद्यू पुढे, चार बाजूला, चार मागे, लक्ष डाव्या पायावर. मग दोन्ही टाचा उचलून आठ रलव्हे, सावकाश उतरत. शेवटच्या वेळी वरच थांबा आणि ओट्यावरचा हात दोन बोटांवर आणा, मग एकावर. जमलं तर क्षणभर उचला. उजवा हात घागरीसारखा गोल, वर, बाजूला, खाली. टाचा टेकवा.

पाच मिनिटं झाली असतील. आता वळा आणि ओटा उजव्या हाताला घ्या.